गोमाजीला नस सापडली

आमच्या शेजारचा गोमाजी गाडीच्या पोटाला बांबूची नळी लावून ऐकत असे. नळीचं एक टोक गाडीला, दुसरं कानात, डोळे मिटलेले आणि एक हात वर. हात वर म्हणजे बाकीच्यांनी चूप बसायचं. कोंबडं ओरडलं तरी त्याच्या कपाळावर आठ्या यायच्या. मग एकदम डोळे उघडून तो म्हणायचा, "सापडली. नस सापडली."

नस काही सापडलेली नसायची. गाडी जिथं बसली तिथंच असायची. पण त्याचा तो आवाज आला की मी हातातलं जाळं तसंच टाकून कुंपणाशी जायचो. अर्धं गाव जायचं. गोमाजीच्या तोंडावर असा उजेड असायचा की वाटे, आज काहीतरी भारी होणार.

आमचं गाव पोंभुर्ण्याच्या अलीकडं, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून. धानाची शेती आणि तलावातली मासोळी, यावर सगळ्यांचं चालतं. अशा गावात गोमाजीकडं परदेशी कार कशी आली ते आधी सांगतो.

गोमाजी लाकडाच्या डेपोत कामाला होता. तिथं सागाचा एक गोल ओंडका घरंगळून त्याच्या डाव्या पायावर आला. पाय राहिला, गुडघा गेला. पाय वाकायचाच बंद झाला, खुंट्यासारखा सरळ. सायकल सुटली, बैलबंडीवर चढणं सुटलं. बायको आधीच गेलेली, लेकरू नाही. दिवसभर ओट्यावर तो पाय समोर सोडून बसायचा आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारायचा, कुठी चालला? माणूस बसून बसून आंबतो, तसा आंबून गेला होता.

मग कोणीतरी त्याला सांगितलं की गडचांदूरकडं सिमेंटच्या कारखान्यातला एक परदेशी साहेब आपल्या देशी परत चालला आहे आणि त्याची जुनी गाडी विकायची आहे. तिला क्लच नाही. गोमाजीनं घरची बैलजोडी विकली, डेपोतून मिळालेले पैसे घातले आणि गाडी घेऊन आला. मळक्या दुधाच्या रंगाची. एक दार आतूनच उघडायचं. स्वतः चालवत आला आणि सरळ माझ्या दारात भोंगा वाजवला.

"भाऊजी, पाहा. डाव्या पायाले कामच नाई. गाडीले एक पाय कमी, मले एक पाय कमी. जोडी जमली."

मला तो भाऊजी म्हणायचा, कारण माझी बायको अनसाबाई त्याला राखी बांधायची. रक्ताचं काही नातं नव्हतं. तो ओट्यावर बसून होता त्या दिवसांत ती त्याला भाजी नेऊन द्यायची, आणि एका राखीला धागाही घेऊन गेली. मी विचारलं, हे कायले? म्हणाली, "भाजी रोज नेतो मी. लोकाले काय सांगू, कोणाच्या घरी नेतो? आता सांगता येते, भावाच्या."

गाडी आली त्याच साली पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे बैल धुवायला तलावावर गेलो, तर गोमाजीही गाडी घेऊन हजर. गुडघाभर पाण्यात गाडी उभी केली आणि धानाच्या तणसाची जुडी घेऊन घासायला लागला. लोक हसून बेजार.

"गोमाजी, शिंगं नाई घासली."

"तुह्या डोक्यावरचीच घासतो, ये इकडं."

मग त्याला चेव आला. पाण्याबाहेर गाडी आणून त्यानं झाकण उघडलं आणि गावाला शिकवायला लागला. "इंजन म्हणजे बैलाचं पोट. चाकं म्हणजे पाय. अन् हा गेअरबॉक्स म्हणजे खांदा. समदा बोजा इथी येते. साध्या गाडीचा गेअर माणूस बदलते. हिचा गेअर हे आपल्या मनानं बदलते, आतल्या तेलाच्या जोरावर. तेल खराब झालं का खांदा गेला. खांदा गेला का पोट कितीबी गुरगुरू द्या, पाय हालत नाई." असं म्हणून त्यानं एका नळीतून लांब सळई उपसली, तिच्यावरचं लाल तेल दाखवलं आणि तेल कमी होतं म्हणून त्याच नळीतून थोडं ओतलं.

अनसाबाई घागर कमरेवर घेऊन सगळं ऐकत उभी होती. माझं बोलणं तिनं असं कान देऊन कधी ऐकलं नाही.

त्या संध्याकाळी आमच्याकडं खांदशेकणी असते. तूप कोमट करून त्यात हळद घालायची आणि पळसाच्या पानानं बैलाच्या खांद्याला चोळायची. वर्षभर जू ओढून तो खांदा सोललेला असतो. चोळताना बैलाला उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." अनसाबाईनं आमची जोडी शेकली आणि उरलेली वाटी घेऊन गोमाजीच्या अंगणात गेली. गाडीच्या कपाळाला तुपाचा पट्टा ओढला. पाळीवरून येणारा एक जण म्हणाला, "अनसाबाई, शिंगाची बेगड कुठी लावता?"

"आरशाले. तुह्या तोंडापेक्षा बरा दिसते तो."

गोमाजी दारात उभा होता. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी गाडीलाही आली, त्यानंच खाल्ली.

दिवाळी झाली, थंडी पडली आणि एका सकाळी गाडी बसली. इंजिन चालू होई, गेअरची दांडी पुढं टाकली की इंजिन ओरडे, पण चाक हलेना. दुपारी उन्हं तापली की ढकलल्यासारखी चार पावलं जाई. आठवडाभरात तेही बंद.

दुसरा माणूस रडला असता. गोमाजीच्या अंगात वारं शिरलं. बांबूची नळी तेव्हाच निघाली. सळई उपसून तो दारोदार फिरायला लागला. "हुंग." सगळ्या गावानं ती सळई हुंगली. एकाला जळकट वास आला, एकाला मासोळीचा. एकाला मोहाचा आला, पण त्याला सगळीकडून मोहाचाच यायचा. गोमाजी प्रत्येकाचं ऐकून मान हलवायचा. शेवटी निदान झालं, सिमेंटची धूळ. गाडी कारखान्याजवळ राहिलेली, धूळ आत गेली, थंडीत तिचा गिलावा झाला.

"सापडली, भाऊजी. नस सापडली."

"मंग चालव."

"चालवाले मिस्त्री लागते. नस म्या सांगतली."

माझी बैलजोडी गाडीला जुंपली आणि डांबरी रस्त्यापर्यंत ओढत नेली. गोमाजी आत बसून स्टेअरिंग धरून होता आणि वळणावर माझ्याच बैलांना भोंगा वाजवत होता. मी म्हटलं, लेका, माझे बैल आहेत, पुढचा ट्रक नाही. म्हणाला, "नियम म्हणजे नियम." तिथून ट्रकवर टाकून गाडी जिल्ह्याच्या गावी, चांद्याला गेली. तिथं युसूफ मिस्त्रीनं गेअरबॉक्स खोलून धुतला, नवं तेल भरलं आणि गाडी पळायला लागली.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा बसली. तशीच.

या वेळी निदान झालं सर्दी. बाहेरची गाडी, इथला उन्हाळा खाऊन बसलेली, एकदम थंडी पडली तर तिला सोसत नाही. त्यानं गाडीवर गोधडी टाकली आणि खाली निखाऱ्याची शेगडी सरकवली. आम्ही सगळे लांब उभे राहिलो. थोड्या वेळानं गोमाजी आत बसला, दांडी पुढं टाकली आणि काय सांगू, गाडी चालली. खरंच चालली. गोधडी अंगावर घेऊन, नवरीसारखी, सरळ पाळीपर्यंत गेली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. अनसाबाईनं पदर तोंडाला लावला. पाळीवर जाऊन थंड झाली आणि पुन्हा बसली. गोधडीचं एक टोक जळालेलं होतं. गोमाजी उतरला तो हसतच. "नस बरोबर हाये, शेगडी लहान पडली."

पुन्हा माझे बैल, पुन्हा ट्रक, पुन्हा चांदा.

तिसऱ्या साली मात्र तो चांद्याहून परत आला आणि एक गोष्ट बदलली. ती मला तेव्हा दिसली, पण कळली नाही. त्यानंतर त्यानं सळई कोणाला हुंगायला दिली नाही. कोणी जवळ आलं की धोतराच्या सोग्यानं ती भर्रकन पुसून टाकायचा आणि झाकण लावायचा. त्याच्या बदल्यात तोंड दुप्पट चालायला लागलं. एका साली म्हणाला, चाकाला वाघानं मुतून ठेवलं, म्हणून गाडी पुढं जायला भिते. एका साली तलावाच्या ओलीचा दोष. एका साली म्हणाला, गाडीला इथली भाषा समजत नाही. लोक भांडायला यायचे आणि तो सगळ्यांना पुरून उरायचा. सरपंच म्हणाले, गोमाजी, भंगारात दे. मूल गावचा भंगारवाला येऊन टायर दाबून पाहू लागला, त्याला गोमाजीनं बांबूची नळी घेऊन पिटाळलं.

पण गाडी बसली की गोमाजीही बसायचा, हे खरं होतं. मिस्त्रीची पाळी लागेपर्यंत दोन-दोन महिने जात. तेवढे दिवस पुन्हा तोच ओटा, तोच समोर सोडलेला पाय. गाडी कायमची गेली असती तर माणूस कायमचा ओट्यावर आला असता. अनसाबाई रोज भाजीचा वाडगा पदराखाली घेऊन जायची आणि परत आली की माझ्याजवळ कुरकुरायची.

"भाऊची गाडी दरसाल काऊन बसते? माह्यात काई कमी पडते का?"

"तुह्यात काय कमी पडन? गाडी तुही हाये?"

ती चुलीतलं लाकूड मागं-पुढं करायची.

मग तिचंच पोट दुखायला लागलं. होळीच्या पुढं डॉक्टरनं गाठ सांगितली. चांद्याचा दवाखाना म्हणजे इथून भारी लांब, आणि एस.टी.त तिला बसवेना. गोमाजी सकाळीच गाडी घेऊन दारात. तिला पुढच्या सीटवर बसवायचा, पाठीला उशी द्यायचा. मी मागं. चांद्याचा उन्हाळा तुम्हाला माहीत असेल, नसेल तर बरं आहे. त्या उन्हात गाडी किती फेऱ्या गेली असेल. एकदाही अडली नाही. एकदा भर उन्हात मी म्हटलं, आता बसली तर काय करायचं?

अनसाबाई डोळे मिटून होती. म्हणाली, "नाई बसत. माह्या हातचं खाल्लं हाये तिनं."

मला वाटलं, औषधाची गुंगी. गोमाजी रस्त्याकडं पाहत होता. रस्ता सरळच होता, इतकं पाहायचं काही नव्हतं.

ती गेली तीही त्याच सीटवर, परत येताना. मी मागून हाक मारली, तिनं ओ दिली नाही. गोमाजीला समजलं. त्यानं गाडी थांबवली नाही. म्हणाला, "घरी नेऊ." एवढंच.

त्या वर्षी आमच्या घरी सण नव्हता. पोळ्याला बैल नुसते धुतले.

हिवाळा आला. गाव वाट पाहत होतं. थंडी पडली, धुकं पडलं, आणि गाडी चालतच राहिली. पौष निघाला तरी चालत होती. लोक गोमाजीच्या अंगणात येऊन त्याची पाठ थोपटायला लागले. अखेर नस सापडली म्हणाले. सरपंचांनी चहा पाजला. गोमाजी कप हातात घेऊन बसून राहिला. बांबूची नळी आढ्याला खोचलेली होती, काढली नाही.

मला राग आला. बोललो. "गाडी बसली तं नाचत होता, अन् आता चालते तं तोंड काऊन पाडून बसला?"

"चालून राह्यली, भाऊजी. म्हणूनच तं."

मला ते काही समजलं नाही.

उन्हाळा सरता सरता मला डोळे दाखवायला चांद्याला जायचं होतं. गोमाजीनं नेलं. येताना युसूफ मिस्त्रीकडं थांबला आणि पान आणायला गेला. मिस्त्री हात पुसत माझ्याजवळ आला.

"चाचा, इस साल गाडी नहीं आई. घी डालना बंद किया क्या?"

"कायचं तूप?"

मिस्त्रीला वाटलं होतं मला माहीत आहे. त्यानं सांगून टाकलं. दर साली गेअरबॉक्स खोलला की तळाला पिवळा थर. तूप आणि हळद. हळद तेलाच्या जाळीत अडकायची, थंडी पडली की तूप गोठायचं, तेल फिरायचं बंद. सळईच्या नळीतून कोणीतरी वाटीभर ओतत होतं. "पहले दो साल मेरे को भी समझा नहीं. तीसरे साल मैंने इसको हाथ पे रख के दिखाया. बोला, कोई दुश्मन है, पकड़ो उसको. तो बोला, मिस्त्री, मेरी बहन का हाथ है. तू साफ करके दे, किसी को बोल मत."

गोमाजी पान घेऊन आला. मी गाडीत बसलो. बसलो ते पुढच्याच सीटवर, दुसरी जागा रिकामी नव्हती, मागं धानाचं बियाणं होतं.

तलावाची पाळ दिसली तेव्हा म्हटलं, "तुले मालूम होतं."

"काय?"

"तूप."

त्यानं पान या गालातून त्या गालात घेतलं. "खांदा म्हणजे गेअरबॉक्स, हे म्याच सांगतलं होतं तिले. कपाळाले लावून काय होते, असं वाटलं असन बाईले. दर पोळ्याले गाडी धुऊन अंगणात लावली अन् मी घरात गेलो का वाटी घेऊन येत जाय."

"मंग सांगाचं नाई? बाई, गाडी बसते म्हणून?"

"सांगतलं असतं तं बंद केलं असतं तिनं."

"अन् तू दोन-दोन महिने ओट्यावर बसत होता ते?"

गोमाजीनं गाडी हळू केली. मग म्हणाला, "ओट्यावर बसलो का बाई रोज भाजी घेऊन येत जाय, भाऊजी. गाडी चालत असली का मीच कुठी कुठी राहो. थे कोणाले देन?"

म्हणजे वाघ, ओल, भाषा, सगळं तोंड एवढ्यासाठी चाललं होतं. कोणी खरं काय ते शोधू नये म्हणून. गाव हसत होतं आणि तो हसू देत होता.

पुढं पोळा आला. आदल्या दिवशी संध्याकाळी मी बैल बांधले. आता घर पाहणाऱ्या माझ्या सुनेनं तूप-हळदीची वाटी आणून दिली. मी जोडीचे खांदे चोळले. अनसाबाईचा हात हलका होता, माझा जड आहे, बैलांना फरक कळला असावा. तेवढ्यात भोंगा वाजला. गोमाजीनं धुतलेली गाडी माझ्या अंगणात आणून उभी केली. उतरला. स्वतःच झाकण उघडलं आणि ओट्यावर जाऊन बसला, पाय समोर सोडून. माझ्याकडं पाहिलंही नाही.

मी वाटी घेऊन गाडीजवळ गेलो. "कपाळाले लावतो."

"खांद्याले लाव."

"गड्या, बसन ना गाडी."

"बसू दे."

"अन् मंग तू काय करशीन?"

"नस शोधीन."

मी सळई उपसली. नळीत तूप ओतलं, सगळं नाही, तिच्याइतकं मला जमणार नव्हतं. आवतनाचे शब्द म्हणायला गेलो. आज आवतन घे, एवढं निघालं, पुढचं निघेना. ओट्यावरून गोमाजीनं म्हटलं, "उद्या जेवाले ये."

सुनेनं दुसऱ्या दिवशी पुरणपोळी गाडीला नेऊन दिली. तिला मी काही सांगितलं नव्हतं.

दिवाळी झाली, थंडी पडली. एका सकाळी मी चुलीपाशी चहा घेत होतो आणि कुंपणावरून हाक आली. जुनी हाक. मी कप तसाच ठेवून बाहेर गेलो. गोमाजी धुक्यात उभा होता, एका काखेत बांबूची नळी, पाय ओढत, तोंडावर तोच उजेड. शेजारचे दोघे-तिघे पांघरुणं घेऊन निघालेच होते.

"बसली, भाऊजी. हालत नाई. नस सापडली."

"काय निघालं?"

त्यानं मागं पाहिलं, लोक अजून लांब होते. मग धोतरानं न पुसता सळई माझ्या नाकापुढं धरली. किती वर्षांनी.

"हुंग."

मी हुंगलं. तेलाच्या वासाखाली हळद होती, तूप होतं. लोक जवळ आले, गोमाजी त्यांना वाघाचं काहीतरी सांगायला लागला. मी सळई त्याला लगेच परत दिली नाही.